छताची आतली बाजू

खोक्यावर छापलंय : वय चौदा आणि पुढे.
मी एकाहत्तर. बसतो त्यात.

टू हार्बर्सला फेब्रुवारीत दुसरं करायचं काय?
सरोवर गोठलंय, धक्क्याला बोट नाही,
आणि मारिटने स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल
वर्तमानपत्र अंथरून मला दिलंय. अट एकच :
जेवणाला गोंदाचा वास येता कामा नये.

एकास अठ्ठेचाळीस. ह्युई. जखमींना नेणारी.
नाकावर पांढरा चौकोन, त्यात लाल क्रॉस,
दाराशी बंदूक नाही.
सोबतच्या कागदावर बाण काढून सांगितलंय
आधी बाकं, मग स्ट्रेचर, मग पंखा.
छताच्या आतल्या बाजूबद्दल अक्षर नाही.
ती कोरीच सोडलीय, गुळगुळीत,
मधोमध साच्याची एक गोल खूण.

कोण बघणार म्हणा.

मी बघितलंय.
प्लेकूपासून इस्पितळापर्यंत, बावीस मिनिटं,
मी तेवढंच बघितलंय.

बाहेरून ती कशी दिसते ते नंतर कळलं, फोटोंतून.
लाइल बोप्रे अशाच एकीवर क्रू चीफ होता.
तो फोनवर सांगतो : पंखा थांबला की पाती टोकाला झुकतात,
ताठ ठेवशील तर खेळणं वाटेल.
मी लिहून घेतो. पाती ड्रायरसमोर धरून वाकवतो.
छताचं विचारलं तर म्हणाला,
"छत? अरे, वर बघायला फुरसत कुणाला होती!"

तर छत असं :
राखाडी-हिरवी गोधडी, चौकोन चौकोन शिवलेली,
कोपऱ्याकोपऱ्यात बटणं.
डावीकडून तिसऱ्या रांगेतलं एक बटण गेलेलं,
तिथून कापूस बाहेर.
शेजारी ओला डाग. कसला, ते मी विचारलं नाही.
एक झुलता पट्टा, टोकाला बकल.
आणि एक मनगट,
घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं.

टिश्यू पेपर, पाणी घातलेला पांढरा गोंद,
मारिटची सगळ्यांत बारीक सुई.
चौकोन दोन मिलिमीटरचा. असे नव्वद.
हात थरथरला की थांबायचं, खिडकीतून बर्फ बघायचा,
पुन्हा.
पट्टा वाइनच्या बाटलीवरच्या वर्खाचा,
बकल तांब्याच्या तारेचं. ते चिमट्यातून उडालं
आणि मी पाऊण तास बॅटरी घेऊन जमिनीवर पालथा.
मारिट मला ओलांडून चहा करून गेली.
सापडलं माझ्याच बाहीत.

तिकडची माती काही जमेना.
रंगाच्या तीन डब्या झाल्या :
एक वीट, एक गंज, एक नुसतंच बिस्किट.
शेवटी तळघरातून धक्क्यावरचे बूट काढले.
एकतीस वर्षं बोटींत खनिज भरलं मी,
शिवणींत अजून लोखंडाची धूळ.
चाकूने खरवडली, चमचाभर निघाली.
ब्रशने स्किडला लावली, दाराच्या खोबणीत, जमिनीवर.

तीच.
अगदी तीच.
मी कोट न घालता अंगणात जाऊन उभा राहिलो जरा वेळ.

मेडिकचा पुतळा खोक्यातच होता, बोटाच्या दोन पेरांएवढा.
सगळा रंगवला, घड्याळासकट. चेहरा नाही.
उजेड त्याच्या पाठीमागून येत होता.
नाव कळलं नाही. लाइलने दोनदा चौकशी केली.
स्ट्रेचरवर कुणाला ठेवलं नाही.
मी इथे आहे की.

काल छत चिकटवलं.
वरून पाहिलं तर आता ती
कुठल्याही दुकानाच्या काचेत असते तशीच.
सिग्ने आली, नात. म्हणाली, छान आहे,
पण दार का उघडं?
म्हटलं, टेबलाला गाल टेक. एक डोळा मीट. आता वर बघ.

बराच वेळ ती तशीच राहिली,
गालाला वर्तमानपत्राची शाई लागेपर्यंत.
मग म्हणाली, "आजोबा, एक बटण तुटलंय तुमचं."

हो, म्हटलं.
ते तसंच होतं.